डाव्या बाजूचं रक्त

खोकं आलं तेव्हा मास्टर एका कोटाची कॉलर उसवत बसले होते. पोस्टमनच्या हातातलं ते पांढरं खोकं त्यांनी पाहिलं आणि त्यांच्या छातीत धडधडायला लागलं. या छातीनेच तर सगळा घोळ घातला होता. त्यांनी तिच्यावर हात ठेवून तिला दटावलं, "गप बस जरा!" आणि मग जिन्याकडे तोंड करून हाक मारली, "अगं ए, आलं बघ! ये लवकर खाली!"

खाली दुकान, वर घर. दुकानाला पाटी होती, पाटीवर नावही होतं, पण ते वाचायचे कष्ट कुणी घेत नसे. सगळा रस्ता त्यांना मास्टर म्हणे आणि त्यांच्या बायकोला मास्टरीणबाई. मास्टर कापायचे आणि शिवायचे. मास्टरीणबाई काजं करायच्या, गुंड्या लावायच्या आणि मास्टरांच्या चुका काढायच्या, आणि या तिसऱ्या कामात त्यांना कधी कंटाळा आला नाही.

मागे एकदा मास्टर हातात कात्री धरून बसल्या जागी आडवे झाले. डॉक्टरांनी हृदयाच्या नळीत जाळी बसवली, जीव वाचवला आणि पाठोपाठ पथ्याचं भलंमोठं शेपूट लावून दिलं. त्या शेपटाच्या टोकाला होता मासा. शक्यतो रोज, भाजलेला किंवा वाफवलेला, तळायचा म्हणून नाही. माशात म्हणे ओमेगा नावाची चरबी असते, आणि ती चांगली असते. चरबी आणि चांगली, हे मास्टरांना पटता पटेना. पण पटो न पटो, खायचा होता.

आता मास्टरांचं आणि माशाचं जन्मापासून वाकडं. लग्न होऊन आठवडा झाला नव्हता तेव्हाच त्यांनी बायकोला बजावलं होतं, "बाकी काहीही रांध, हा वास मात्र घरात नको." त्या दिवसापासून त्या चुलीवर मासा चढला नव्हता. त्यात पथ्य चुकवण्यात मास्टरांचा हात धरणारा कुणी नाही. दवाखान्यातून आल्यावर पहिल्याच महिन्यात त्यांच्या गोळ्या गुंड्यांच्या डब्यात सापडल्या. पांढऱ्या गुंड्यांत पांढऱ्या गोळ्या, गिऱ्हाईकाच्या सदऱ्याला लावायला घेतली आणि मास्टरीणबाईंच्या लक्षात आलं की हिला भोकंच नाहीत!

हे सगळं लेकीच्या कानावर जायचंच. लेक दूरच्या शहरात औषधांचं दुकान चालवायची आणि तिथे बसून फोनवरून बापावर पहारा ठेवायची. गोळ्यांचं प्रकरण कळल्यापासून तिचा बापाच्या शब्दावरचा विश्वास उडाला तो उडालाच.

आणि नेमक्या अशा वेळी पडद्याचं काम आलं.

नाट्यगृहाचा व्यवस्थापक स्वतः दुकानाची पायरी चढून आला. बंद पडलेलं नाट्यगृह नव्याने उघडणार होतं. त्याला दर्शनी पडदा हवा होता, अस्सल मखमलीचा, छतापासून थेट रंगमंचापर्यंत चुण्यांनी भरलेला. मास्टरांनी जन्मभर लोकांच्या पँटी आखूड केल्या होत्या आणि कंबरा सैल केल्या होत्या. आपण शिवलेलं काहीतरी शेकडो माणसांनी एका वेळी, श्वास रोखून बघावं, असं त्यांना फार वाटायचं. ते कुणाला बोलून दाखवायची सोय नव्हती, कारण पँटीकडे असं कोण बघतं! व्यवस्थापक गेल्यावर मास्टर खुर्चीत बसले आणि चक्क रडले. मास्टरीणबाईंनी पाणी दिलं आणि त्याही थोड्या रडल्या.

लेक मात्र फोनवर कडाडली. "अजिबात नाही!"

"अगं, डॉक्टर हो म्हणालेत. उचलायला माणसं मिळणार, मी फक्त कापणार आणि शिवणार."

"डॉक्टर म्हणालेत, पथ्य पाळत असाल तर. तुम्ही पाळता हे कशावरून? मासा तुम्ही खाता की मांजराला घालता, मला इथून दिसतं का?"

"चार महिने रोज खातोय! नाक दाबून खातो! विचार तुझ्या आईला!"

"आई तुमचीच बाजू घेणार."

"मग तपास!" मास्टर गरजले. "काय तपासायचं ते तपास!"

बापाने हे तावातावाने म्हटलं खरं, पण लेक औषधवाली. तिने शब्द वरच्या वर झेलला. घरच्या घरी करायची रक्ततपासणी मिळते म्हणाली. बोटाला टोचायचं, कार्डावर थेंब द्यायचे, वाळवायचे, टपालाने पाठवायचे. गेल्या तीन-चार महिन्यांत पोटात खरोखर काय गेलं ते रक्तातल्या पेशी सांगतात, त्यांना लबाडी जमत नाही. "त्या ओमेगाचा आकडा आठाच्या वर आला तर पडदा तुमचा, बाबा. आठाच्या खाली आला तर दुकानाचं शटर खाली. कायमचं. मग माझ्याकडे येऊन राहायचं आणि आराम करायचा. कबूल?"

"कबूल!" मास्टर म्हणाले. मग खोकं येईपर्यंत त्यांना झोप म्हणून लागली नाही.

तर ते खोकं आता कापायच्या टेबलावर होतं. मास्टरीणबाईंनी कात्री, खडू, टेप बाजूला सारून पांढरं फडकं अंथरलं. फोन रिळांच्या डब्याला टेकवून ठेवला. लेकीने जोडीचा संच पाठवला होता, आईचंही एकदा होऊन जाऊ दे म्हणून. आत टोचायच्या बारक्या सुया, औषधी कापूस, चिकटपट्ट्या आणि एक जाड कार्ड. कार्डावर दोन रकाने, प्रत्येक रकान्यात रिकामे गोल आणि खाली एक लांबलचक नंबर. नावगाव काही नाही.

"नीट ऐका," फोनमधून लेक म्हणाली. "नंबर मी आधीच नोंदवलेत. डाव्या बाजूचा रकाना बाबांचा, उजव्या बाजूचा आईचा. घोळ घालू नका."

"डावं-उजवं कुणाला शिकवतेस गं?" मास्टर हसले. "हयात गेली त्यात!"

"बरं बरं. कार्ड टेबलावर सपाट ठेवा, छापील बाजू वर. हात धुतलेत? आता सुरू करा. मला गिऱ्हाईक आहे, मी नंतर करते फोन."

मास्टरीणबाईंचं काम चुटकीसरशी झालं. खट् आवाज झाला, टपोरा थेंब आला, आपल्या रकान्यातल्या गोलांवर त्यांनी तो टेकवला. मास्टरांची पाळी आली आणि तिथे गाडं अडलं. या बोटांनी आयुष्यभर सुया खाल्ल्या होत्या. बोटांची टोकं अशी घट्ट झाली होती की ती स्प्रिंगवाली सुई खट् करून उडाली आणि रक्त काही येईना.

"दुसरं बोट," मास्टरीणबाई म्हणाल्या.

दुसऱ्याचीही तीच गत. मास्टरांच्या कपाळावर घाम आला. "अगं, भारी रेशीम हातात असलं की हेच बोट न विचारता रक्त सांडतं! आणि आज मागतोय तर हे मूग गिळून बसलंय!"

"करंगळी बघा. करंगळीला कधी सुई लागलेली नाही तुमच्या."

बायको बरोबर बोलते हे मास्टरांना नेहमी उशिरा कळायचं, आज लवकर कळलं. हात गरम पाण्यात धरला, खाली सोडला, झटकला, करंगळीला टोचलं आणि रक्त आलं! मास्टर असे ओरडले की बाहेरून जाणाऱ्या बाईने आत डोकावून पाहिलं. थेंब गोलात पडला, पसरला, दुसरा पडला, तिसराही. कार्ड वाळलं, पाकिटात गेलं आणि मास्टर स्वतः टपालपेटीपर्यंत गेले. पाकीट टाकल्यावर पेटीच्या फटीत डोळा घालून त्यांनी ते आत पडल्याची खात्रीसुद्धा केली.

मग वाट बघणं. पण ते वाट बघणं काय सुखाचं होतं! मास्टर नाट्यगृहात जाऊन रंगमंचाची मापं घेऊन आले. तांबड्या मखमलीच्या चिंधीचा वीतभर पडदा शिवून त्यांनी दुकानाच्या खिडकीत टांगला, दोरी ओढली की दोन्हीकडे सरकणारा. गिऱ्हाईक आलं की आधी पडदा उघडायचा, मग माप घ्यायचं. मास्टरीणबाई म्हणायच्या, "अहो, नमनालाच घडाभर तेल घालू नका, आकडा तर येऊ द्या."

"येणार! का नाही येणार? मी खातोय ना!"

आणि ते खात होतेच. भर दुपारी दुकान उघडं टाकून दोघांनी वर जायची सोय नव्हती. म्हणून मास्टर आधी जेवून यायचे आणि मग मास्टरीणबाई वर जायच्या, असा त्यांचा कित्येक वर्षांचा रिवाज होता. ताटलीत अख्खा वाफवलेला मासा मांडलेला असायचा. मास्टर डोळे मिटायचे, पडदा आठवायचे आणि एकेक घास ढकलायचे. माशाला ना मीठ ना चव, ओलं अस्तर चावल्यासारखं लागायचं. हाच जर मासा असेल तर लोक याच्यासाठी जीव का टाकतात, हे त्यांना काही उमगायचं नाही.

शेवटी लेकीचा फोन आला, समोरासमोर दिसणारा. दोघं एकमेकांना खेटून फोनपुढे बसली.

"आई, आठ पूर्णांक सहा! कमाल आहे तुझी!"

मास्टरांनी टाळी वाजवली. "आणि माझा? माझा नऊ असणार!"

लेकीचा चेहरा पडला. "बाबा... तीन पूर्णांक नऊ."

मास्टरांनी फोन डोळ्यांशी नेला. "कसं शक्य आहे? अगं, मी रोज खाल्लाय! रोज!"

"बाबा, पुरे आता." लेक रागावली नव्हती, आणि तेच जास्त लागलं. ती रडवेली झाली होती. "मला वाटलं होतं या वेळी तरी. पडद्यासाठी तरी."

मास्टरीणबाई पुढे सरकल्या. "अगं, त्यांनी खाल्लाय. मी या हातांनी वाढलाय. मशीनचंच काही चुकलं असेल."

"मग तुझा आकडा एवढा चांगला कसा आला? मशीन तुझ्यापुरतं बरोबर आणि त्यांच्यापुरतं चूक?"

"अगं पण मी तर..." मास्टरीणबाई म्हणाल्या आणि थांबल्या.

"तू तर काय?"

"काही नाही."

"आई, निदान तुझी काळजी नाही एवढं तरी मला आज कळलं. तुझाही कमी आला असता तर मी इथे वेडी झाले असते." असं म्हणून तिने डोळे पुसले. मास्टरीणबाईंनी तोंड मिटून घेतलं ते घेतलंच.

हातातली कामं संपवायची आणि शटर ओढायचं, असं ठरलं. मास्टरांनी खिडकीतला वीतभर पडदा काढून खिशात ठेवला. मांजर रस्त्याने गेलं तरी त्यांना ते आपल्याकडे बघून हसतंय असं वाटे. सगळ्यात वाईट म्हणजे, या वेळी ते खरं बोलत होते. आयुष्यात एकदा पथ्य पाळलं आणि तेच खोटं ठरलं! चार दिवस ते मान खाली घालून नुसतं शिवत राहिले. मास्टरीणबाई दोन-तीनदा जवळ येऊन उभ्या राहिल्या, काहीतरी बोलणार असं वाटलं आणि गुंड्यांचा डबा उचलून परत गेल्या.

शेवटच्या कामांत एक सदरा होता. नवा, पांढरा, फक्त खिसा लावायचा राहिलेला. सकाळची वेळ. मास्टरांनी सदरा टेबलावर उताणा पसरला, हाताने सपाट केला आणि खडू उचलला. डावा खिसा. हात आपोआप उजवीकडे गेला, जसा हजारो वेळा गेला होता. सदरा आपल्याकडे तोंड करून पडलेला असतो. त्याचा डावा खिसा शिंप्याच्या उजव्या हाताला येतो. शिंपी डावं म्हणतो ते स्वतःचं नव्हेच, घालणाऱ्याचं.

खडू हवेतच राहिला.

हेच टेबल. छापील बाजू वर करून ठेवलेलं कार्ड. डावी बाजू बाबांची. आणि हा हात... हा हात तेव्हा कुठे गेला होता?

"अगं ए!" मास्टर असे ओरडले की वर भांडं पडलं. "अगं, मी कार्डाला सदरा समजलो!"

ते जिन्याकडे धावले. वरून मास्टरीणबाई किंचाळल्या, "अहो, जिना हळू! जाळी आहे, जाळी!"

"जाळी गेली खड्ड्यात! सांग, त्या दिवशी तू थेंब कुठल्या रकान्यात दिलास? दाखव! हात करून दाखव!"

मास्टरीणबाईंच्या एका हातात झारा होता. त्यांनी डोळे मिटून ते टेबल आठवलं आणि दुसरा हात केला, तो डावीकडे. "ही काय, उजवी बाजू." मग डोळे उघडून स्वतःच्या हाताकडे पाहिलं आणि त्यांचा झाराच खाली पडला. "अगं बाई!"

दोघंही शिंपी. दोघांनी एकच चूक केली, आणि दोघांची सारखीच असल्याने ती कुणालाच दिसली नाही. मास्टर हसत सुटले. गळ्यातला टेप काढून त्यांनी बायकोच्या गळ्यात घातला, खिशातला वीतभर पडदा काढून तिच्या नाकासमोर उघडला-मिटला. "आठ पूर्णांक सहा! माझा! पडदा माझा!" मास्टरीणबाईही टाळ्या पिटत होत्या. लावा फोन, लावा!

लेकीने सगळं ऐकून घेतलं आणि उसासा टाकला. "बाबा, आकडा पडल्यावर आता बाजू बदलताय?"

"अगं, हाताच्या काकणाला आरसा कशाला? आईला विचार!"

"आई तुमचीच. आणि कार्ड तर तिकडे गेलं, आता बघणार कसं? शिवाय विचार करा, तुमचं खरं मानलं तर तीन पूर्णांक नऊ आईचा होतो. ती रोज मासा खाते, तुमच्यासारखी नाटकं करत नाही. तिचा इतका कमी येईलच कसा?"

मास्टर उत्तरासाठी बायकोकडे वळले. हसू अजून ओठांवरच होतं.

मास्टरीणबाईंनी गळ्यातला टेप काढून गुंडाळला, नीट, टोकाशी टोक जुळवून. मग फोन हातात घेतला. "त्यांचंच खरं आहे, बाळा. मी मासा खातच नाही."

"म्हणजे?"

"एक घाससुद्धा नाही. बाजारात ताजा, चांगला असा एखादाच हाताला लागतो. त्यांना तो पुरता जायला हवा ना? ते जेवून खाली गेले की मी भाजी खाते. मला काय, मला काहीही चालतं. त्या दिवशी आकडा ऐकला तेव्हाच मी सांगणार होते, पण तू रडत होतीस. मग वाटलं, तुला आणखी कशाला ताप? आणि इकडे यांचं तोंड बघवेना. चार दिवस नुसतं ओठावर येत होतं."

 मास्टरांनी पडदा परत खिशात घातला. तीन पूर्णांक नऊ. इतका वेळ त्यांनी फक्त आपला आकडा परत मिळवला होता. दुसरा कुणाच्या वाट्याला गेला, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

आणि मग त्यांना लग्नाचा दिवस आठवला. सासूबाई हसत हसत म्हणाल्या होत्या, "आमच्या मुलीला माशाशिवाय घास उतरत नाही बरं, जावईबापू." त्यानंतर आठवडाभरात त्यांनी हुकूम सोडला होता, हा वास घरात नको. ती काहीच बोलली नव्हती. आणि इतक्या वर्षांनी मासा घरात आला, तिच्या हातून धुतला गेला, शिजला, ताटलीत गेला, तोही त्यांच्याच. त्यांनी तो नाक दाबून खाल्ला आणि वर उपकार केल्यासारखा चेहरा केला. मास्टरांना स्वतःची फार लाज वाटली.

"बाबा," लेक हळूच म्हणाली, "पडदा तुमचा. आणि आई, घाबरायचं काही नाही, पण तू आजपासून खायचंस. ऐकतेस ना?"

"ऐकते गं."

"ती ऐकणार नाही," मास्टर म्हणाले. "तू मला आणखी एक खोकं पाठव. मखमल रंगून यायला तीन-चार महिने आहेत. तोवर हिचा आकडा आठावर गेला पाहिजे. नाही गेला तर मी त्या कापडाला कात्री लावणार नाही."

"अहो, वेड लागलंय का? हातचं काम घालवाल!"

"मग खा. माझ्या पडद्यासाठी मी खाल्ला, आता तू खा."

जेवायची वेळ झाली तसे ते खाली गेले. भर दुपारी, गिऱ्हाइकाच्या ऐन वेळेला, त्यांनी स्वतःच्या हाताने खाड्कन शटर ओढलं. वर आले, दोन ताटल्या मांडल्या, माशाचा मधला जाड तुकडा काढून तिच्या ताटलीत घातला आणि समोर बसले. तिने सवयीने तो त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी परत सरकवला आणि ताटली धरून ठेवली.

मास्टरीणबाईंनी घास घेतला. इतक्या वर्षांनी. डोळे मिटून, सावकाश. मास्टर त्यांच्या चेहऱ्याकडे श्वास रोखून बघत होते. आणि मग मास्टरीणबाईंनी डोळे उघडले.

"अहो! हा तर अळणी आहे!"

"रोज असतो."

"रोज? मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, मासा असाच लागतो. तू एवढी खपून करतेस, तुला कशाला दुखवायचं?"

"डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलं, म्हणून मी... आणि चाखायला तुकडा मोडला तर तुमच्यातला कमी होईल, म्हणून कधी चाखलाच नाही." त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मास्टर उठले, मिठाचा डबा आणला आणि दोघांच्या तुकड्यांवर चिमूट चिमूट भुरभुरलं. मग स्वतःही घास घेतला. नाक न दाबता.

"अगं," ते म्हणाले, "हा बरा लागतो की!"

खाली कुणीतरी शटर बडवायला लागलं. "मास्टर! ओ मास्टर! दुकान बंद का? सगळं ठीक आहे ना?"

मास्टर खिडकीशी गेले आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असे ओरडले, "नंतर या! आम्ही जेवतोय! दोघं!"